धूर कुठून जाणार

अठरा लाख तुगरिक म्हटलं की केवढे वाटतात!
त्यात तेमूलेननं दोन हिवाळे
टेकडीवरच्या घरांना पाठीवरून पोचवलेली कोळशाची पोती आहेत,
माझ्या बेकरीतल्या रात्रपाळ्या,
आणि त्सागान सारच्या सणाला थोरांनी हातावर ठेवलेल्या
कोऱ्या नोटा, ज्यांची घडी त्यानं मोडू दिली नव्हती.

वही माझ्याकडे.
डाव्या पानावर त्याला हवं ते,
उजव्या पानावर होईल ते.
डावं पान महिनाभर त्यानं खोडू दिलं नाही.
सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही म्हणतात,
त्यानं तेही आणून पाहिलं:
प्रत्येक दुकानात शिरताना ओठ मिटलेले, हात खिशात,
जणू किंमत विचारणं हा दुसऱ्यांचा उद्योग.

बाहेर उणे एकतीस.
तळघरात दुलमांचं जुन्या सुट्या भागांचं दुकान,
चष्मा दोरीला, पुढ्यात खारट दूधचहाचा थर्मास.
ग्राफिक्स कार्ड त्यांनी नाकाशी नेलं,
पंखा बोटानं फिरवला, म्हणाल्या,
"हे खाणीतून आलंय.
वर्षभर रात्रंदिवस आभासी नाणी खणत होतं.
म्हणून सहा लाख चाळीस हजार. नवं घेशील तर दुप्पट."
तेमूलेन माझ्याकडे बघायला लागला.
मी म्हटलं, आमचे वडीलही नालाइखच्या खाणीतूनच आलेत,
अजून चालतात.
त्या हसल्या,
आणि चाळीसातले वीस सोडले.

भांडण झालं ते पॉवर सप्लायवरून.
त्याचं म्हणणं, तो तर नुसता डबा, कुणाला दिसतो?
जुना घेऊ नव्वद हजारांचा,
उरलेल्यात रंगीत दिव्यांचं, काचेचं खोकं येईल.
मी त्याला संध्याकाळचे सहा आठवायला सांगितले:
अख्खी टेकडी एकदम हीटर लावते
आणि आमचा बल्ब लोण्यासारखा पिवळा पडतो.
"असल्या विजेवर," दुलमा म्हणाल्या,
"स्वस्तातला डबा एकटा मरत नाही.
शेजारपाजार सोबत घेऊन जातो."
त्यानं वही माझ्या हातून ओढली.
काचेच्या खोक्यावर स्वतःच रेघ मारली, इतकी दाबून
की मागच्या पानावर उमटली,
जिथे मी दुधाचा हिशेब लिहिते.

घरी आलो तेव्हा पन्नास हजार उरले होते
आणि सगळं होतं, फक्त ठेवायला जागा नव्हती.

वडील गेरची दारं बनवतात,
नमद्याच्या वाटोळ्या घरांची ठेंगणी लाकडी दारं.
महिनाभर या विषयावर ते चकार शब्द बोलले नव्हते.
मदरबोर्ड त्यांनी वितीनं मापला.
कार्ड वितीहून चार बोटं लांब भरलं.
मग एकच विचारलं:
"धूर कुठून जाणार?"
"धूर नाही हो बाबा, नुसती गरम हवा."
"तेच ते. आत कुठून येते? बाहेर कुठून जाते?
खाली उतरण्याआधी आम्ही रोज हेच विचारायचो.
ज्या दिवशी विचारलं नाही..."
पुढचं त्यांनी रंध्याला सांगितलं.

उरल्यासुरल्या फळ्यांचं खोकं झालं, दारासारखंच नारिंगी,
कडेला निळी नक्षी, तळाशी जाळी,
आणि माथ्यावर, गेरच्या छताला असतं तसं,
आऱ्यांचं गोल धुराडं.
पंखा त्यात चपखल बसला.

अंगातली लोकर काढून, विझलेल्या चुलीच्या लोखंडाला हात लावून
(हवा इतकी कोरडी की बोटातून ठिणगी उडते)
त्यानं रॅम दाबली.
टक्.
आम्ही तिघंही थोडं मागे सरकलो.

मॉनिटर मामेभावाचा जुना, मधोमध एक हिरवी रेघ कायमची.
खेळ सुरू झाला. अडखळला.
तेमूलेन एकेक सुख कमी करत गेला:
सावल्या, पाण्यातली प्रतिबिंबं,
शेवटी गवत, "भरपूर"वरून "कमी"वर.
आणि घोडा धावायला लागला.

वडील मागे उभे होते,
धुराड्यावर तळवे धरून, शेकत.
"गवत पुरेसं आहे," म्हणाले.
"वसंतात खरं तर याहून कमी असतं."